प्रायव्हेट नंबर

बाबांच्या गेटात एक काळा फोन होता, हँडल फिरवायचा,
आणि खिळ्याला टांगलेली नंबरांची वही.
देसूरहून गाडी सुटायच्या आधी
हुक्केरी मास्तर विचारायचे, गेट मारलं?
बाबा म्हणायचे मारलं, आणि वहीतला पुढचा नंबर द्यायचे.
चार सात.
तिकडून तेच आकडे कानडीत परत यायचे, नाल्कु, एळु.
मग बाबा त्यावर काट मारायचे.
एकदा दिलेला नंबर पुन्हा नाही.
मी खिडकीखाली बसून हातचे मोजत असायची.
मला वाटायचं, सगळ्याच घरांत लोक असंच बोलतात.

पहिलं काम उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीची वेबसाइट.
मालकांना वर पळती लाल अक्षरं हवी होती
आणि नाव तीन लिप्यांत.
इंग्रजी उमटलं.
मराठीच्या जागी चौकोन आले, कानडीच्याही जागी चौकोन,
रिकामे, एकाच मापाचे.
मालक म्हणाले, मिटला की वाद.

मग पुणं, तिथं मी कर्नाटकातली.
मग बेंगळुरू, तिथं मी महाराष्ट्रातली.
पगार वाढला. पानं रंगवायची सोडून
मी पानांच्या मागच्या अंधारात गेले,
जिथं पाच यंत्रांतल्या तिघांनी हो म्हटलं की खरं,
जिथं कुठल्याच दोन घड्याळांचा एकमेकींवर विश्वास नाही,
आणि उत्तर आलं नाही तर कळत नाही
समोरचा मेलाय, की नुसता उशीर करालाय.

एकदा बाबांचा फोन मेला होता.
उसाचा हंगाम, ट्रॅक्टरांची रांग पार वळणापर्यंत,
त्यात एक नवरदेव.
नंबर सुटेना, म्हणून गेट उघडेना.
एक तास दहा मिनिटं.
शिव्या दोन्ही भाषांत होत्या, तेवढ्यापुरतं एकमत.
कुणीतरी बाबांची टोपी रुळावर फेकली.
गाडी आलीच नाही. खानापुरातच उभी होती म्हणे.
बाबांना मेमो मिळाला, तो त्यांनी वहीत घालून ठेवला,
सहा दोनच्या पानात.
त्या नंबरावर काट नाही.

आता मी अनगोळात, वरच्या खोलीत. कंपनी कुठंय ते
मलाही नीट सांगता येत नाही.
गेल्या श्रावणात रात्री दोन चाळीसला फोन थरथरला.
मुंबई आणि हैदराबादमधली वाट तुटली होती.
दोन्हीकडच्या यंत्रांना वाटलं, पलीकडचे गेले,
आता आपणच थोरले.
एका बाजूला थांबवायचं माझ्या हातात होतं.
मी दोन्ही चालू ठेवल्या.
अडतीस मिनिटं. एकाही गिऱ्हाईकाला बंद दार दिसलं नाही.
डायरेक्टरनं टाळ्यांचं चित्र पाठवलं.

उजाडेपर्यंत आकडा आला, सहाशे बारा.
सहाशे बारा लोकांचे पैसे दोनदा कापलेले.
त्यातला एक निपाणीचा, गॅसची शेगडी घेतलेली.
रोमन अक्षरांत मराठी लिहिलं होतं त्यानं,
मॅडम, शेगडी एकच आलीय.
पैसे परत जायला नऊ दिवस लागले.

बाबांनी चहा आणला. रातभर काय करालीस?
मी दोन कप समोरासमोर ठेवले,
मध्ये चमचा ठेवला, मग चमचा काढून घेतला.
ते बघत राहिले.
मधला फोन मेला?
हो.
मग गेट कुणी उघडलं?

खाली नळाला सूं सूं झालं.
आज आमच्या गल्लीची पाण्याची पाळी.
बाबा उठले, मोटर लावायला,
जिन्यावरून म्हणाले, चहा निवालाय बघ.
मी चमचा परत मध्ये ठेवला.